सोळाव्यांदा

डोळे मीट, म्हणायच्या बाई,
आणि तळहातांवर लाकडी गोळे ठेवायच्या.
डाव्यात मोठा, उजव्यात लहान, वजन मात्र तेच.
काढायच्या. परत ठेवायच्या. असं पंधरा वेळा.
सोळाव्यांदा दोन्ही गोळे सारखे.
"आता मोठा कुठला?"
आम्ही छातीठोक सांगायचो, उजव्यातला,
आणि डोळे उघडून ओशाळायचो.
बाई हसायच्या नाहीत. वहीत नोंद करून
एवढंच विचारायच्या: "मग?"

त्सियाला ग्वेलेसियानी.
तिबिलिसी विद्यापीठ, तिसरा मजला, मानसशास्त्र.
मी आले त्या हिवाळ्यात दिवसाकाठी दोन तास वीज यायची,
तीही वाट चुकल्यासारखी.
खिडकीला काचेऐवजी प्लास्टिक.
तासाला येताना प्रत्येकानं एक लाकूड आणायचं,
वही विसरली तरी चालेल.

एका संध्याकाळी शेगडी विझायला आली
आणि कुणाची तरी नजर गोळ्यांच्या पेटीकडे गेली.
बाई म्हणाल्या, "आधी माझी खुर्ची."
खुर्ची जळाली. त्या उभ्यानं शिकवू लागल्या.
पुढे वीज आली, काचा आल्या, नव्या खुर्च्या आल्या,
त्या उभ्याच.

गोड नव्हत्या.
त्यांची शाबासकी मिळाल्याचं कुणाला आठवत नाही.
नोना म्हणते तिला मिळाली होती,
पण नोना असं बरंच काही म्हणते.
माझा प्रबंध त्यांनी पावाच्या रांगेत तपासला,
पहाटे चारला, कुणाच्या तरी कंदिलाशी.
तळहातावर रांगेतला आकडा, शाईनं, एकशे चौदा,
तो घामानं पुसटून माझ्या पान बत्तीसवर उमटला आहे.
त्याच पानावर मी लिहिलं होतं:
'रुग्ण प्रतिसाद देत नाही.'
बाईंनी खोडलं नाही.
समासात पेन्सिलीनं लिहिलं:
तू किती वेळ थांबलीस?

मग बादरी आला, सुखुमीच्या लढाईतून,
डावा हात तिकडेच ठेवून.
प्रयोगाच्या दिवशी मागच्या बाकावर
खिडकीच्या प्लास्टिककडे बघत बसला.
दोन हात लागतात या शास्त्राला.
बाई पेटी घेऊन त्याच्याशेजारी बसल्या
(बसलेल्या आम्ही त्यांना तेव्हाच पाहिलं).
एक गोळा त्याच्या हातात, एक स्वतःच्या.
दोघांनी डोळे मिटले.
गोळे बदलायचं काम माझ्याकडे.
पंधरा वेळा. मग सोळावी.
वर्गात फक्त शेगडीची कुरकुर.
"मोठा कुठला?" मी विचारलं, आणि माझाच आवाज फाटला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
बादरी म्हणाला, "तुमचा."
बाई म्हणाल्या, "मला तुझा वाटतोय."

ती वही यंदा फेब्रुवारीत सापडली,
त्यांच्या खणात, औषधांच्या चिठ्ठ्यांखाली.
तारीख आहे, तापमान आहे: खोलीत चार अंश.
पुढे 'निष्कर्ष', आणि कोरी ओळ.
त्यांनी ती भरली नाही,
आणि पानही फाडलं नाही.

दफनानंतरच्या जेवणात बादरी उठला.
झुग्दिदीला शिकवतो आता, केस पिकलेत.
उजव्या हातानं पेला उचलला,
पावावर दोन थेंब वाइन सांडली,
काही बोलणार होता, नाही बोलला.
आम्ही थांबलो. किती वेळ, ते मोजलं नाही.

पेटी माझ्याकडे आली.
इतकी वर्षं या हातावर बाईंचं वजन होतं;
आता जे काही हाती येतं, नोकरी, माणसं, गुरुवारची दुपार,
ते लहान भासतं.
लहान नाही ते, मला ठाऊक आहे.
हे कारणासकट परीक्षेत लिहून मी पास झाले होते.

परवा एक मुलगी आली, आठ वर्षांची,
एंगुरी नदीपलीकडच्या कुणाची तरी नात.
महिनाभर कुणाशी बोलली नव्हती.
मी म्हटलं, डोळे मीट.
पंधरा वेळा.
सोळाव्यांदा तिनं गोळे गालाला लावून पाहिले,
जे नियमात बसत नाही,
आणि म्हणाली, "सारखेच आहेत."

मी वहीत लिहिलं. हात थोडा हलला.
"मग?" मी विचारलं.
"मग काय," ती म्हणाली,
"भूक लागली."